रूट पार्टिशन पुन्हा पुन्हा भरतंय? लिनक्स नव्याने टाकण्याआधीची तयारी

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने येते. उबुंटू, मिंट किंवा डेबियन टाकून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, मशीन व्यवस्थित चाललेलं असतं आणि एक दिवस अपडेट अर्ध्यात अडकतं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. काहींना याहून विचित्र अनुभव येतो. पासवर्ड बरोबर टाकला तरी क्षणभर काळा पडदा दिसतो आणि परत लॉगिनचीच खिडकी. डेस्कटॉप सुरू होताना त्याला काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात, तेवढीही जागा उरलेली नसते. ‘डीएफ -एच’ ही जागेचा हिशोब दाखवणारी कमांड चालवली की रूटसमोर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात (पार्टिशनमध्ये) सिस्टिम बसते त्यासमोर, शंभर टक्के, आणि त्याच डिस्कवर शेजारी होममध्ये, म्हणजे आपल्या फाइलींच्या भागात, दोन-तीनशे जीबी मोकळे.

मग कुणीतरी सांगतं, फॉरमॅट मार आणि नव्याने टाक. टाकलं जातं. घाईत पार्टिशनं मागच्याच आकड्यांनी पडतात आणि पुढच्या वर्षी हीच तक्रार परत. शिवाय दरवेळी काहीतरी हातचं जातं: ब्राउझरमधले बुकमार्क, एखादी एसएसएच की (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची किल्ली), लोकल डेटाबेसमध्ये ठेवलेलं काम.

नव्याने टाकायला माझी हरकत नाही, कित्येकदा तोच सरळ मार्ग असतो. पण पेनड्राइव्ह लावायच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. जागा नेमकी कशाने खाल्ली, आणि आपलं सामान डिस्कवर कुठे कुठे पडलंय. पहिल्या उत्तरातून पार्टिशनचे आकडे निघतात, दुसऱ्यातून बॅकअपची यादी. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी शोधा, भरलंय कशाने

लॉगिनच होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साध्या कन्सोलवर या, किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. मग रूटवर ‘डीयू’ (कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते मोजणारी कमांड) चालवा, पण ‘-एक्स’ हा पर्याय दिल्याशिवाय नको. त्याने मोजणी एकाच फाइलसिस्टिमपुरती, म्हणजे एकाच पार्टिशनपुरती, राहते, होम आणि बाहेरच्या डिस्का त्यात मिसळत नाहीत. ‘एनसीडीयू’ आधीपासून असेल तर आणखी बरं, बाण दाबत आत शिरता येतं.

नेहमीचे गुन्हेगार बहुतेक /व्हार मध्ये सापडतात. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर /व्हार/लिब/डॉकर. सगळ्या वापरकर्त्यांसाठी टाकलेली फ्लॅटपॅक अॅप्स /व्हार/लिब/फ्लॅटपॅक मध्ये. व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमा /व्हार/लिब/लिबव्हर्ट मध्ये. ‘स्नॅप’ या उबुंटूच्या पद्धतीने टाकलेलं सॉफ्टवेअर अपडेट झालं तरी स्नॅप आधीची आवृत्ती डिस्कवर तशीच ठेवतं. सिस्टिमडीचा जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची वही, त्या फाइलसिस्टिमच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, कमाल मर्यादा ४ जीबी. ‘जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज’ने त्याचा आकडा कळतो आणि जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिममॅक्सयूज’ची ओळ टाकून लगाम घालता येतो.

डॉकरच्या बाबतीत एक इशारा. जागा साफ करणाऱ्या ‘डॉकर सिस्टम प्रून’ला व्हॉल्यूमचा, म्हणजे कंटेनरच्या डेटाच्या साठ्याचा, पर्याय जोडून चालवू नका. बंद पडलेल्या कंटेनरचा डेटाबेस त्या व्हॉल्यूममध्ये असू शकतो, आणि तो एकदा गेला की गेला.

आता खरी गोंधळाची जागा. डीएफ म्हणतं ६० जीबी वापरले, डीयू म्हणतं २२ जीबी. उरलेले कुठे गेले? पहिली शक्यता अशी की एखादी मोठी लॉग फाइल कुणीतरी पुसली, पण ती लिहिणारी सेवा अजून चालूच आहे. नाव गेलं, जागा सुटली नाही. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइली दाखवतं, आणि ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते.

दुसरी शक्यता कमी लोकांना माहीत असते आणि बॅकअप घेणाऱ्यांनाच ती जास्त छळते. समजा स्क्रिप्ट रोज रात्री /एमएनटी/बॅकअप या पत्त्यावर बॅकअप घेते. एका रात्री एक्स्टर्नल डिस्क जोडलेलीच नव्हती, म्हणून माउंट झाली नाही, म्हणजे त्या फोल्डरशी जोडली गेली नाही. पण /एमएनटी/बॅकअप नावाचं रिकामं फोल्डर रूटवर आहेच. स्क्रिप्ट काहीही न कुरकुरता तिथेच, रूट पार्टिशनच्या पोटात, ३५ जीबी लिहून मोकळी होते. सकाळी डिस्क जोडली, ती त्याच पत्त्यावर माउंट झाली आणि तिच्याखाली ते ३५ जीबी झाकले गेले. डीयूला आता ते दिसत नाहीत, डीएफला मात्र मोजावे लागतात. यावर उपाय असा: ‘माउंट --बाइंड’ने रूट दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर परत माउंट करा. बाइंडमध्ये खालच्या डिस्का सोबत येत नाहीत, त्यामुळे झाकलेलं सगळं उघडं पडतं. ते तपासून पुसा. हे पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू’ची (तिथे डिस्क खरंच माउंट आहे का ही) तपासणी घाला, आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअॅटर +आय’ लावा, म्हणजे डिस्क नसेल तर तिथे कुणालाच काही लिहिता येणार नाही.

जागा शिल्लक दिसते आणि तरीही ‘नो स्पेस’ येतं, असं असेल तर ‘डीएफ -आय’ बघा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये आयनोडची, म्हणजे दर फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीची, संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण दर १६ केबीमागे एक. लाखो बारीक फाइली तयार करणारा प्रोग्राम असेल तर आयनोड आधी संपतात.

आणि /बूट, म्हणजे सिस्टिम सुरू करायला लागणाऱ्या फाइलींची जागा. हे वेगळं पार्टिशन असेल, म्हणजे बहुधा तुम्ही एन्क्रिप्शन निवडलं असेल, तर रूटमध्ये शंभर जीबी मोकळे असूनही नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर आणि फर्मवेअर आत गेल्यावर एकेक इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत आधी लोड होणारी प्रतिमा) शंभर एमबीच्या घरात जातो, आणि नवा तयार होत असताना जुना जागेवरच असतो. आधी ‘युनेम -आर’ने सध्याचा कर्नल कोणता ते बघा, मग त्याच्या मागचे जुने कर्नल पॅकेज मॅनेजरमधूनच काढा. /बूट मध्ये शिरून हाताने आरएम मारून फाइली पुसायच्या नाहीत, पॅकेज मॅनेजरचा हिशोब बिघडतो. तात्पुरती सुटका हवी असेल तर इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ करता येते, प्रतिमा बऱ्याच लहान होतात.

इथपर्यंत येऊन कारण सापडलं आणि मिटलं, तर थांबा. नव्याने टाकायची गरज उरली नाही. पार्टिशनच मुळात छोटं असेल, किंवा आवृत्ती इतकी जुनी असेल की बदलावीच लागणार, तरच पुढे वाचा.

डिस्क धड आहे का

‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवून बघा. हार्ड डिस्कवर ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’ हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील, किंवा एनव्हीएमईवर (वेगवान प्रकारच्या एसएसडीवर) ‘मीडिया एरर्स’ दिसत असतील, तर नवीन सिस्टिम टाकायचा विचार सोडा. आधी डेटा बाहेर काढा, डिस्क वाचायला अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने, आणि नवी डिस्क घ्या.

नकाशा काढून ठेवा

डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला नाव, आकार, फाइलसिस्टिम, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक), माउंटपॉइंट, मॉडेल आणि सीरियल हे रकाने दाखवायला सांगा. येणारं चित्र फाइलमध्ये साठवा आणि फोनने त्याचा फोटोही काढा, कारण इन्स्टॉलरसमोर बसल्यावर ती फाइल तुमच्या हाताशी नसणार. /ईटीसी/एफस्टॅब (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्याची यादी) ची प्रत आणि ‘एसएफडिस्क --डंप’चा निकालही सोबत ठेवा. पार्टिशन टेबल चुकून पुसलं गेलं तर हा काही ओळींचा मजकूर ते जसंच्या तसं उभं करतो.

डिस्कच्या नावावर भरवसा ठेवू नका. आज ‘एसडीए’ असलेली डिस्क पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर ‘एसडीबी’ होऊ शकते. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्का असतील तर सीरियल नंबर हीच खरी ओळख.

एन्क्रिप्टेड डिस्क ठेवायची असेल, म्हणजे होम लक्सच्या (लिनक्समधल्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या) आत आहे आणि तसंच वापरायचंय, तर ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने हेडरची (त्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या नोंदीची) प्रत काढा. लक्स२ चा हेडर साधारण १६ एमबीचा असतो. तो बिघडला तर पासवर्ड पाठ असूनही डेटा उघडत नाही, कारण खरी किल्ली त्या हेडरमध्येच असते. ही प्रत त्याच डिस्कवर ठेवून काही उपयोग नाही, आणि ती कुणाच्या हाती लागणार नाही अशी जपायचीही आहे.

शेजारी विंडोज असेल तर आणखी दोन कामं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बरेच जण जुन्या मशीनवर दोन्ही ठेवून बघतायत, त्यांनी हे जरूर वाचावं. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते तपासा आणि रिकव्हरी की आधीच लिहून घ्या. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं, आणि त्या क्षणी ती शोधायला फार कमी लोकांकडे दुसरं मशीन असतं. दुसरं म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं असेल तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

बॅकअपमध्ये काय काय

‘डॉक्युमेंट्स आणि फोटो घेतले’ एवढ्यावर बहुतेकांचा बॅकअप संपतो. होममधलं महत्त्वाचं सामान टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरांत असतं, आणि फाइल मॅनेजर ती दाखवत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. एसएसएच आणि जीएनयूपीजीच्या किल्ल्या, थंडरबर्डचं ईमेल, डॉट-कॉन्फिग आणि डॉट-लोकल मधली शेअरची शाखा, हे सगळं तिथे.

फायरफॉक्सचं प्रोफाइल म्हणून लोक डॉट-मोझिला उचलतात. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतं, आणि त्याचं खरं प्रोफाइल होममधल्या स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन च्या आत असतं. डॉट-मोझिला असलंच तर जुनं, शिळं. फ्लॅटपॅकमधून टाकलेल्या प्रत्येक अॅपचा डेटा डॉट-व्हार/अॅप मध्ये. एकाच अॅपची तीन घरं असू शकतात, म्हणून निवडानिवड न करता अख्खं होम घ्या आणि फक्त डॉट-कॅश, कचरापेटी आणि पुन्हा उतरवता येणारे गेम वगळा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास दोन जागा. लिब्रेऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासताना ‘शब्दकोशात टाका’ म्हणत वर्षानुवर्षं जमवलेले शब्द डॉट-कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४/युझर/वर्डबुक मध्ये एका साध्या फाइलमध्ये असतात. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द, सगळं त्या एका फाइलीत. आणि डॉट-लोकल/शेअर/फॉन्ट्स मधले फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फाइली तुमच्याकडे असतील तर तो विशिष्ट फॉन्ट नसताना त्यातला मजकूर निव्वळ रोमन अक्षरांचा गाळ दिसतो. तो फॉन्ट आज पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

होमच्या बाहेर: /ईटीसी सगळं घ्या, आकार किरकोळ असतो. वायफायचे पासवर्ड बहुधा त्यातल्याच नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स मध्ये असतात, नव्या उबुंटूत नेटप्लॅन मध्ये. क्रॉनची (ठरावीक वेळी आपोआप चालणारी) कामं /व्हार/स्पूल/क्रॉन मध्ये. शिवाय /ऑप्ट, /यूएसआर/लोकल, /एसआरव्ही, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि रूट वापरकर्त्याचं स्वतःचं /रूट फोल्डर.

डेटाबेसची फाइल चालू असताना कॉपी करू नका. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर डंप (सगळ्या डेटाची मजकूर-प्रत) काढा, पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर ‘पीजी_डंपऑल’. पोस्टग्रेसच्या बाबतीत हे टाळताच येत नाही. एका मोठ्या आवृत्तीचं डेटा फोल्डर दुसरी आवृत्ती उघडत नाही. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस १५ आहे आणि डेबियन १३ मध्ये १७. नव्या सिस्टिमवर जुनं फोल्डर ठेवलं तर सेवा सुरूच होणार नाही, आणि ते उघडायला परत १५ शोधत बसावं लागेल.

टाकलेल्या पॅकेजांची यादीही हवी: डेबियन कुळात ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’, फ्लॅटपॅकसाठी ‘फ्लॅटपॅक लिस्ट --अॅप’. ही यादी नव्या सिस्टिमवर आंधळेपणाने चालवायची नाही, वाचून निवडायची.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. मिंटमध्ये टाइमशिफ्ट चालू असतं म्हणून ‘माझा बॅकअप आहे’ असं मानणारे खूप भेटतात. टाइमशिफ्ट हे सिस्टिमच्या फाइलींसाठी आहे, वापरकर्त्याचं होम ते मूळ सेटिंगमध्ये घेतच नाही. आणि आरसिंक (फाइलींची नक्कल करण्याच्या) प्रकारात त्याच्या प्रती बऱ्याचदा त्याच रूट पार्टिशनवर साठतात, म्हणजे रूट भरण्याचं कारणही तेच आणि फॉरमॅटबरोबर जाणारंही तेच. दुसरं, उबुंटूचं ‘बॅकअप्स’ हे साधन, म्हणजे देजा डूप. ते होम घेतं, पण मूळ सेटिंगमध्ये डाउनलोड्सचं फोल्डर वगळतं. आपल्याकडे बँकेची स्टेटमेंट, आधारची पीडीएफ, मुलांचे निकाल असं सगळं वर्षानुवर्षं डाउनलोड्समध्येच पडून असतं. वगळायच्या यादीतून ते काढा.

बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाच्या अवस्थेच्या नोंदी, हेही बॅकअप नव्हेत. डिस्क तीच, फाइलसिस्टिम तीच. ते फॉरमॅट झालं की स्नॅपशॉटही गेले.

कशावर आणि कसा

बाजारातून आणलेली एक्स्टर्नल डिस्क सहसा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असते. एक्सफॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या, मालकी आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) टिकत नाहीत. तिथून एसएसएच की परत आणली की सगळ्यांना वाचता येईल अशा परवानग्यांसकट येते आणि एसएसएच ती वापरायला सरळ नकार देतं. जुन्या फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. शक्य असेल तर बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ करा. ती विंडोजवरही वापरायची असेल तर सगळं टार या गठ्ठा-फाइलीत बांधा किंवा रेस्टिक, बोर्ग यांसारखं साधन वापरा. ते परवानग्या आपल्या भांडारात लिहून ठेवतं, खालची फाइलसिस्टिम कुठलीही असो.

आरसिंक वापरणार असाल तर लहान ‘ए’बरोबर कॅपिटल ‘एच’, ‘ए’ आणि ‘एक्स’ द्या, म्हणजे हार्डलिंक, एसीएल आणि जास्तीचे गुणधर्मही जातात. मूळ पत्त्याच्या शेवटी स्लॅश असेल तर फोल्डरमधलं सामान जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. ‘--डिलीट’ लावलेलं असताना हा स्लॅश चुकला तर बॅकअपच्या डिस्कवरचंच सामान साफ होऊ शकतं. म्हणून आधी ‘--ड्राय-रन’, आणि येणारी यादी खरोखर वाचायची.

एकच प्रत पुरेशी मानू नका. नव्याने टाकण्याच्या दिवशी, मूळ डिस्क फॉरमॅट झाल्या क्षणापासून, जगात तुमच्या डेटाची ती एकमेव प्रत असते, आणि ती टेबलाच्या कडेवर लोंबणाऱ्या केबलच्या टोकाला असते. किल्ल्या, डंप, चालू वर्षाची कागदपत्रं एवढं तरी दुसऱ्या जागी हवं. एखादा पेनड्राइव्ह, घरातला दुसरा लॅपटॉप किंवा एन्क्रिप्ट करून क्लाउड.

हार्ड डिस्कच्या काळात चुकून फॉरमॅट झालं तरी टेस्टडिस्क, फोटोरेक यांनी बरंच काही परत मिळायचं. एसएसडीवर ती आशा धरू नका. ‘एमकेएफएस’ने ईएक्सटी४ तयार होताना ते अख्ख्या पार्टिशनला ट्रिमची (‘हे ब्लॉक आता नकोत’ अशी) सूचना देतं, आणि त्यानंतर जुने ब्लॉक वाचायला गेलं तर बहुतेक ठिकाणी शून्यंच येतात. इन्स्टॉलरमधलं ते एक बटण खरंच परतीचं नाही.

उघडून बघा, मगच फॉरमॅट

बॅकअपची डिस्क काढा. मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. आता फक्त बॅकअपची डिस्क जोडून बघा: ती माउंट होते का, एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड चालतो का. दोन-चार फोटो, एक मोठा व्हिडिओ आणि एक स्प्रेडशीट उघडा. डेटाबेसच्या डंपची शेपटी बघा, मायएसक्यूएलच्या डंपची शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ म्हणते. ती नसेल तर डंप मध्येच तुटलाय. टार असेल तर त्याची यादी शेवटपर्यंत छापून घ्या. रेस्टिकला ‘चेक’ आणि बोर्गला ‘चेक’ आहेच, पण त्यावर न थांबता एक फोल्डर प्रत्यक्ष रिस्टोअर करा.

यामुळे आणखी एक गोष्ट कळते: लाइव्ह पेनड्राइव्हवर वायफाय, टचपॅड, आवाज चालतोय का. आणि तुमची एनव्हीएमई डिस्क दिसते का. काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) चालू असतं आणि इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. हे फॉरमॅटच्या आदल्या दिवशी कळलेलं बरं.

पार्टिशनचे आकडे

‘रूटला २० जीबी, स्वॅप रॅमच्या दुप्पट, उरलेलं होम’ हा सल्ला अजून फिरतोय (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा). तो ८० जीबीच्या हार्ड डिस्का आणि ५१२ एमबी रॅमच्या काळातला आहे. उबुंटू डेस्कटॉपची नुसती किमान अटच आता २५ जीबी आहे. वीस जीबीच्या रूटमध्ये तक्रार उगवणारच होती.

आकडा तुमच्याच मशीनवरून काढा. सुरुवातीला डीयूने जे मोजलंत, त्यातला खरा कचरा वजा करा आणि आलेली बेरीज दुप्पट करा. डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीन नसलेल्या साध्या घरगुती वापराला ६० ते ८० जीबीचं रूट निवांत पुरतं. डॉकर असेल तर दीडशेच्या खाली जाऊ नका, किंवा डॉकरचं डेटा फोल्डर होमच्या पार्टिशनवर हलवा.

२५६ जीबी किंवा त्याहून लहान एकच एसएसडी असेल तर माझं स्पष्ट मत: होम वेगळं करूच नका. लहान डिस्कची दोन खोल्यांत वाटणी केली की एक भरते, दुसरी रिकामी राहते आणि मधली भिंत हलवणं कटकटीचं. जीपार्टेडने पार्टिशन उजवीकडे वाढवणं सोपं आहे, पण डावीकडे वाढवायचं तर आतला सगळा डेटा सरकवावा लागतो. त्याला तास लागतात, आणि मध्ये वीज गेली तर डेटा धोक्यात. हे काम डेस्कटॉपवर यूपीएस नसताना करू नये. वेगळं होम नसेल तर बॅकअप अनिवार्य होतो, आणि तसाही तो हवाच.

५१२ जीबी किंवा १ टीबीवर वेगळं होम सोयीचं, पण नुसत्या पार्टिशनांपेक्षा एलव्हीएम (पार्टिशनांचे आकार नंतर बदलू देणारी व्यवस्था) घ्या आणि सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटू नका. रूटला ८० जीबी, होमला आज लागतात त्याच्या दीडपट, बाकी एलव्हीएमच्या ग्रुपमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, मोकळी. ईएक्सटी४ चालू मशीनवर वाढतं, लहान मात्र अनमाउंट करूनच करता येतं. एक्सएफएस (आणखी एक फाइलसिस्टिम) तर लहान होतच नाही, म्हणून त्याला सुरुवातीला जपून द्या. दुसरा रस्ता बीटीआरएफएसचा. फेडोरा डेस्कटॉपने २०२० मध्ये आवृत्ती ३३ पासून तो मूळ पर्याय केला, आणि तिथे रूट नि होम ही एकाच जागेवरची दोन सबव्हॉल्यूम असल्याने हा भिंतीचा प्रश्नच येत नाही.

वेगळं /बूट लागत असेल तर आता १ जीबीच्या खाली नको, २ जीबी दिलंत तर पुढची बरीच वर्षं निश्चिंत. डेबियन १३ च्या प्रकाशन-टिपांत /बूट किमान ७६८ एमबी असावं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं स्पष्ट लिहिलंय, कारण कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगलेत. ईएफआय पार्टिशन (बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, ठेवायची जागा) नवीन करताना १ जीबी द्या. विंडोजने केलेलं १०० एमबीचं असेल तर ग्रब या लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरला ते चालतं. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरून कर्नलच तिथे ठेवायचे असतील तर मात्र पुरणार नाही.

स्वॅपचं सोपं आहे. हायबरनेट करायचं असेल तर रॅमएवढं किंवा थोडं जास्त, नसेल तर स्वॅपफाइल पुरते. ती नंतर कधीही वाढवता येते.

ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवतं. रूट पार्टिशनवर ते योग्यच आहे, पण ८०० जीबीच्या होमवर ४० जीबी अडकून पडतात. तिथे ‘ट्यून२एफएस’ने एक टक्क्यावर आणा.

इन्स्टॉलरसमोर

शक्य असेल तर बाकी सगळ्या डिस्का, विशेषतः बॅकअपची, शारीरिकदृष्ट्या काढून ठेवा. काही इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर टाकतात, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठत नाही.

विंडोज यूईएफआय या नव्या बूट-पद्धतीत असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने बूट झालाय ना ते बघा: लाइव्हमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर असलं पाहिजे. जुनं होम ठेवायचं असेल तर मॅन्युअल पर्यायातच जा, त्या पार्टिशनला /होम हा माउंटपॉइंट द्या आणि फॉरमॅटची खूण काढलेली आहे हे दोनदा तपासा. ईएफआय पार्टिशनचंही तेच, तिथे विंडोजचा बूटलोडर राहतो.

नंतर येणाऱ्या ठरावीक तक्रारी

बूट होताना दीड मिनिट थांबतं: एफस्टॅबमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी आहे. डिस्कवर दुसरं लिनक्स असेल आणि दोघांचं स्वॅप एकच असेल तर हे हमखास होतं. नव्या इन्स्टॉलरने स्वॅप फॉरमॅट केलं, यूयूआयडी बदलला आणि जुनं लिनक्स बिचारं ९० सेकंद वाट बघत बसलं. ‘बीएलकेआयडी’ने नवा आकडा घेऊन एफस्टॅबमध्ये टाका, आणि डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएसच्या ‘रिझ्युम’ फाइलीतही बदलून इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा.

जुन्या होममध्ये लॉगिन होतं पण फाइली ‘दुसऱ्याच्या’ दिसतात: लिनक्स मालकी नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतं. पहिला वापरकर्ता १०००, दुसरा १००१. घरात दोन खाती असतील आणि यावेळी ती उलट्या क्रमाने तयार झाली असतील तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर जातात. खाती तयार करायच्या आधीच जुन्या /ईटीसी/पासडब्ल्यूडी मधला क्रम बघा.

ग्रबच्या यादीत विंडोज नाही: ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध मुळातच बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ला ‘फॉल्स’ करा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

जुन्या डॉट-कॉन्फिगमुळे डेस्कटॉप विचित्र वागतो: नव्या वापरकर्त्याने लॉगिन करून बघा. त्याला त्रास नसेल तर दोष सेटिंगांत आहे. अख्खं डॉट-कॉन्फिग परत आणण्यापेक्षा लागेल ते फोल्डर एकेक करून आणा. जुनी /ईटीसी ही तर कधीच वरून ओतायची नाही. शेजारी उघडून, ओळ बघून, हवं ते नव्यात लिहायचं.

बॅकअपची ती डिस्क पुसायची घाई नको. रोजच्या वापरातलं काय राहिलं ते आठवड्यात कळतं, पण डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर, आयकर विवरणपत्राच्या कामाचं फोल्डर, ऑफिसच्या व्हीपीएनचं प्रमाणपत्र, घरच्या प्रिंटरची जमवून आणलेली सेटिंग, या वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी आहेत. जुन्या सिस्टिमची ती प्रत किमान पुढच्या जुलैपर्यंत, विवरणपत्र भरून होईपर्यंत, लेबल लावून कपाटात राहू द्या. चालू बॅकअपसाठी दुसरी डिस्क घ्या आणि तिच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती माउंटपॉइंटची तपासणी आजच लिहून टाका.